सोळा इंच

सॅकने मान टाकली ती पाचनईच्या वाटेवर, गड उतरताना. जानेवारीतली सकाळ, ऊन नुकतं तापायला लागलेलं. हरिश्चंद्रगडावर एक रात्र काढून आम्ही सहाजण निवांत खाली येत होतो. एका कातळावरून पाय खाली टाकताना उजव्या काखेत टर्रकन आवाज झाला. आधी वाटलं, जॅकेट उसवलं. पण पुढच्याच पावलाला सगळं ओझं डावीकडे कलंडलं आणि त्याच्याबरोबर मीही. मागच्याने सॅकची वरची कडी धरली म्हणून वाचले. पाहिलं तर उजवा पट्टा खालच्या टोकाला कापडासकट उपटून आला होता. नुसती शिवण उसवली असती तर सुईदोऱ्याने भागलं असतं. इथे शिवण शाबूत होती, जिच्यावर ती घातली होती ते कापडच विरलं होतं.

कुणाकडे तरी बुटाची जादा नाडी निघाली. ती पट्ट्याच्या कडीतून ओवून कंबरपट्ट्याला गाठ मारली आणि उरलेली वाट मी एक चाक निखळलेल्या बैलगाडीसारखी उतरले.

पाचनईत आम्ही ज्या घरी जेवतो, तिथल्या मावशींनी पानं मांडायला म्हणून ओसरीवरची माझी सॅक बाजूला सारायला हात घातला आणि तशाच थांबल्या. "एवढं काय भरलंयस गं बाय?" मी यादी सांगायला लागले : स्लीपिंग बॅग, स्वेटर, टोप, तंबूचं कापड, पाणी... "एका रात्रीला?" म्हणाल्या आणि हसल्या. मग पिठलं चुलीवरून उतरवलं, हंडा डोक्यावर, कळशी कडेवर घेतली आणि पाण्याला गेल्या. परत आल्या तेव्हा दोन्ही भरलेली होती आणि वाट चढाची होती. मान जराही हलत नव्हती.

त्या कळशीकडे मी तेव्हा नुसतंच पाहिलं. अर्थ लागायला महिना गेला.

घरी येऊन सॅक रिकामी केली तर आतल्या सगळ्या कपड्यांवर पांढरट पापुद्रे. सॅकला कोंडा झाल्यासारखे. अस्तराला हात लावला तर बोटं चिकटली, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या गुळाच्या ढेपेला चिकटतात तशी. नायलॉनमधून पाणी झिरपू नये म्हणून आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. हवेतली ओल हळूहळू त्या लेपाची वीण सोडवत जाते. आधी तो चिकट होतो, मग सोलवटतो. ओलीला ऊब मिळाली की काम आणखी लवकर होतं. आणि मी काय करत होते? पावसाळ्यात आम्ही मुक्कामाला जात नाही, एका दिवसाचे ट्रेक करतो, त्याला छोटी सॅक पुरते. म्हणून मोठी सॅक दर जूनमध्ये घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, माळ्यावर. जपून ठेवायची म्हणून! पुण्याचे पावसाळी चार महिने, कोंदट माळा आणि वर प्लास्टिक. लोणचंसुद्धा इतक्या निगुतीने मुरवत नाही कुणी. बाहेरचं कापड इतक्या वर्षांच्या उन्हाने खाल्लं होतं, आतला लेप माझ्या काळजीने.

तरीही दुरुस्तीला नेलीच. रविवार पेठेत बॅगा शिवून देणारे एक काका बसतात, त्यांनी पट्टा ओढून पाहिला, कापड उजेडासमोर धरलं. "लावून देतो ताई, दीडशे होतील. पण मी इथे शिवेन, ते तिथे फाटेल. किती वर्षं झाली?"

"अठराच्या वर."

"मग तिला आता सोडा की."

ही सॅक मुळात माझी नव्हतीच. दादाने ती २००६ साली हिमालयात जायचं म्हणून घेतली. साठ लिटरची, निळी, तेव्हाच्या आमच्या घराच्या मानाने महागडी. पुढे तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि सॅक माझ्याकडे आली. त्याची सायकल आली होती, त्याच्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा आला होता, गुडघ्यापर्यंत पोचणारा त्याचा रेनकोट आला होता, तशीच. धाकट्यांना हे सांगायला नको. दादाची उंची पाच फूट अकरा, माझी पाच फूट दोन. सायकलची सीट खाली करता आली. रेनकोटाच्या बाह्या दुमडता आल्या. सॅकमध्ये काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पट्टे आवळले की झालं, असंच आम्ही समजत होतो.

ती घेऊन मी पहिल्यांदा गेले ते राजगडाला. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट. तेव्हा गडावर देवळात मुक्काम करत असत सगळे. अंथरायची कॅरीमॅट मी गुंडाळून सॅकच्या खाली आडवी बांधली होती, कारण सगळ्यांच्या फोटोत ती तशीच दिसायची. चोर दरवाजा नावाप्रमाणेच आहे, वाकून शिरावं लागतं. मी वाकले, शिरले आणि अडकले. कॅरीमॅटची दोन्ही टोकं दगडाला टेकली. पुढे सरकेना, मागे येईना, खाली वीस माणसं खोळंबलेली, वरून कुणीतरी "ताई, बसून या, बसून" असं शिकवतंय. शेवटी सॅक अंगावरून सोडून आधी ती वर दिली आणि मग मी पद्मावती माचीवर प्रवेश केला. आडवं काहीही बांधायचं नाही, एवढं मात्र त्या दिवशी कायमचं शिकले.

रात्री देवळात टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर नांगरट केल्यासारख्या लाल रेघा. डाव्या हाताची करंगळी बधिर. दुसऱ्या दिवशी तोरण्याला जायचं होतं. संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरायचं आणि धार धरून बुधला माची गाठायची. अर्ध्या वाटेवर माझ्या सॅकमधला टोप एकाने घेतला, तांदूळ-डाळीची पिशवी दुसऱ्याने. सगळी प्रेमाची माणसं. कुणी चिडवलं नाही. नुसतं म्हणाले, "हिला ओझं झेपत नाही."

हे एकदा ठरलं की ठरतंच. पुढच्या ट्रेकला सामान वाटताना माझ्या वाट्याला आपोआप कांदे-लसूण, मेणबत्त्या असलं फुटकळ यायला लागलं. नवीन कुणी आलं की मीच आधी सांगून टाकायचे : मी चालते भरपूर, पण ओझं नाही झेपत मला. जशी एखादीला तिखट सोसत नाही. मी खांद्यांचे व्यायाम केले. जिममध्ये वर्षभर पैसे भरून डंबेल्स उचलले. पाठ दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले, तिने उशी बदलायला सांगितली. या सगळ्यात सॅककडे संशयाने बघावं असं एकदाही वाटलं नाही. ती दादाची, महागाची. तिच्यात कसली खोट असणार?

नवी घ्यायची म्हणून वाचायला बसले तर पहिलाच प्रश्न : तुमच्या पाठीची लांबी किती?

मला माझा रक्तगट माहीत आहे, चपलेचा नंबर माहीत आहे. पाठीची लांबी? पण घरात टेप घेऊन माणसं मोजण्यात हयात गेलेली बाई होती. आईने तीस वर्षं आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. आता डोळ्यांमुळे शिवत नाही, पण टेप अजून मशीनच्या खणात असते. मी तिला समजावलं : मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथपासून मोजायचं. खाली कुठवर? तर कमरेवर दोन्ही हात ठेवायचे, अंगठे मागे. खुब्याच्या हाडाची वरची कड हाताला लागते. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ मणक्याला जिथे कापते तिथवर. टेप ताणायची नाही, पाठीच्या बाकाबरोबर जाऊ द्यायची.

"मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "मान घाल खाली."

गार टेप मानेला लागली. आईचा अंगठा मणक्यावर दोनदा फिरला. "सोळा."

"नीट बघ, सव्वासोळा?"

"सोळा म्हणजे सोळा. आखूड पाठ तुझी, आजीच्या वळणाची. उंची सगळी पायात." मग टेप गुंडाळताना तिनेच विचारलं, "आणि त्या सॅकची किती?"

रिकामी, केविलवाणी निळी सॅक माळ्याखाली पडलीच होती. खांद्याचे पट्टे जिथे पाठीला जोडलेले असतात तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यापर्यंत आईने टेप धरली. वीस इंच. दादाला फोन केला, वहिनीने त्याची पाठ मोजून सांगितली : साडेवीस.

चार इंचांचा फरक. तुम्ही म्हणाल, चार इंचांनी काय होतं. शिवणारणीला विचारा! पाऊण-एक मीटर कापडाच्या ब्लाउजला पाठ, खांदा, मुंढा, छाती, कंबर, बाही, दंड, पुढचा गळा, मागचा गळा, अशी नऊ मापं आई घ्यायची. मुंढा अर्धा इंच चुकला तरी बाई दारात परत यायची. आणि दहा-बारा किलो ओझं घेऊन दोन दिवस डोंगर चढायचा, त्या वस्तूला मी एकही माप लावलं नव्हतं. चार इंचांमुळे झालं असं होतं की तिचा कंबरपट्टा माझ्या कमरेच्या हाडावर कधी बसलाच नाही. तो खाली कुल्ल्यांवर लोंबायचा, पाऊल उचललं की मांडीला आडवा यायचा. म्हणून मी तो लावतच नसे, मागे बकल अडकवून ठेवायचे. म्हणजे सगळं वजन सरळ खांद्यांवर. खांद्यावरून मानेत, मानेतून हाताच्या करंगळीत.

"कळशी कशी घेतात?" आईने विचारलं. मी उगीच पोटाजवळ हात नेला. "छे! पोटावर नाही, कमरेवर पण नाही. हाड बाहेर काढायचं आणि त्या हाडावर बसवायची. हात फक्त पडू नये म्हणून. तुला दोन वर्षं वागवलं तशीच." आणि उभी राहून, पंचाहत्तराव्या वर्षी, तिने उजवा खुबा बाहेर काढून रिकाम्या हाताने कळशी धरून दाखवली. मला पाचनईच्या मावशी दिसल्या.

सॅकच्या कंबरपट्ट्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. वजन कडेवर घ्यायचं. खुब्याचं हाड ते झेलतं आणि मांड्यांकडे सोपवतं, अंगातले सगळ्यात दांडगे स्नायू तिथे आहेत. खांद्यांनी फक्त कळशीवरच्या हाताचं काम करायचं, तोल सांभाळायचा. कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या सुताराने १९५२च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅका बनवून विकायला सुरुवात केली, त्यांना असा पट्टा होता. चौकटी तो वळवायचा, पिशव्या त्याची बायको नेना शिवायची. असं सांगतात की एका भटकंतीत पाठीवरच्या चौकटीची खालची टोकं पॅन्टच्या मागच्या खिशांत खोचून पाहिली आणि खांदे एकदम हलके झाले, त्यातून ही कल्पना निघाली. गोष्ट छानच आहे. फक्त पाणवठ्यावरच्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर खिसे फाटायची वेळ आली नसती.

आता किती लिटरची, हा प्रश्न. सॅकेचं माप लिटरमध्ये का, ती काय दुधाची बरणी आहे, असं आईने विचारलंच. हिमालयातल्या आठ दिवसांच्या वाटांसाठी साठ-सत्तर लिटर ठीक. पण सह्याद्रीत एका रात्रीसाठी काय लागतं? थंडी असली तरी बर्फ नाही. पायथ्याला गाव, गावात भाकरी. गडावर गुहा किंवा देऊळ नसेल तर तंबू, तोही तिघांत वाटून. मी मागच्या मुक्कामाचं सगळं सामान पलंगावर मांडलं आणि जे पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं ते बाजूला काढलं. दुसरा स्वेटर. तिसरा टीशर्ट. एक जाडजूड कादंबरी, जिची दोनच पानं वाचली होती. स्टीलचा मोठा डबा, कारण साठ लिटरच्या सॅकमध्ये तो मावत होता. मोठ्या सॅकचं हेच असतं, घराला माळा असला की अडगळ होतेच. उरलेलं सामान चाळीस-पंचेचाळीस लिटरमध्ये आरामात बसणारं होतं.

खरं ओझं पाण्याचं. लिटरला किलो, त्यात काटकसर नाही. जानेवारीत दोन लिटरवर भागतं, वाटेत टाकी भरलेली असतात. एप्रिलमध्ये गडावरची टाकी तळाला गेली की चार-पाच लिटर पाठीवर वागवावं लागतं, म्हणजे तंबूपेक्षा पाणी जड. त्यामुळे सॅक निवडायची ती एप्रिलच्या पाण्यासकट, असं मी ठरवलं.

दुकानांचं काय सांगू. पहिल्या दुकानात शिरले आणि म्हटलं, पाठीच्या मापाची सॅक हवी. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू मापाची छत्री मागितली. "सॅक फ्री साइज असते मॅडम." फ्री साइजचे गाऊन मला माहीत आहेत. ते कुणालाच होत नाहीत म्हणून फ्री. "लेडीजमध्ये हवी का? ही घ्या, पर्पल आलीय." पर्पल होती खरी. बाकी पट्टे, पाठ, सगळं शेजारच्या काळ्या सॅकसारखंच. बायकांसाठी नीट केलेल्या सॅकचा रंगाशी संबंध नसतो. पाठ आखूड, पट्टे खांद्याशी जवळजवळ आणि छातीला वळसा घालून जाणारे, कंबरपट्टा खुब्याच्या उताराला धरून. आणि आखूड पाठीच्या पुरुषांनीही ती खुशाल घ्यावी.

तिथून एक गोष्ट मात्र शिकले : रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघणं म्हणजे रिकामी कढई चाखणं. रिकामी कुठलीही सॅक छानच वाटते. म्हणून पुढच्या वेळी घरून वजन घेऊन निघाले. पाच किलो इंद्रायणी तांदूळ, दोन किलो साखर, एक किलो तूरडाळ, झाले आठ. शिवाय माझी स्लीपिंग बॅग, नाहीतर डाळ-तांदूळ तळाला जाऊन बसतात आणि खरा अंदाज येत नाही. हायवेजवळच्या एका मोठ्या दुकानाच्या दारात सुरक्षारक्षकाने पिशवी उघडायला लावली. तांदूळ पाहून तो काही क्षण बोललाच नाही. "मॅडम, इथे किराणा मिळत नाही." मी म्हटलं, मला माहीत आहे, मी घेऊन आलेय. त्याने विचार करून तांदळाच्या पिशवीला, साखरेला आणि डाळीला एकेक हिरवं स्टिकर चिकटवलं. बाहेर जाताना चोरीचा आळ नको.

आत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता, पायात चिखल वाळलेले बूट. तांदूळ बघून तो हसला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "पाठ मोजलीय?" सोळा, म्हटलं. "स्लीपिंग बॅग तळाला टाका. तांदूळ पाठीला चिकटून, मधोमध. वर नको, खाली पण नको."

तीन सॅका पाहिल्या. पहिली पन्नास लिटरची, पाठीला ताणलेली जाळी, म्हणजे पाठ आणि सॅकमध्ये हवा खेळते. आपल्याकडच्या घामाला याहून सुंदर काय असणार, असं वाटलं. दुकानातून पार्किंगचे चार मजले जिन्याने चढून आले. पाठ खरंच कोरडी. पण जाळीसाठी चौकट बाकदार केलेली असते, त्यामुळे वजन पाठीपासून चार बोटं लांब जातं आणि प्रत्येक पायरीला कुणीतरी मागून पदर धरल्यासारखं वाटतं. जिन्यात ठीक आहे. कातळटप्प्यावर, एक हात खाचेत आणि एक पाय हवेत असताना, मागून कुणी पदर धरलेला मला नको होता. पाठ भिजली तर भिजली. दुसरी सॅक हलकी, किलोभराची, कापड तलम. कापडाच्या लेबलावर डेनियरचा आकडा असतो, म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा लहान तितका धागा बारीक. हे कापड हाताला रेशमासारखं लागत होतं, आणि मला करवंदीच्या जाळ्या आठवल्या. परत ठेवली.

तिसरी पंचेचाळीसची. पाठ वरखाली सरकवता येते. त्या मुलाने ती सगळ्यात खालच्या खुणेपर्यंत आणली. "आता सगळे पट्टे सैल सोडा. आधी कंबर. हाडावर आला? बकल लावा, ओढा. अजून ओढा. आता खांद्याचे, अगदी थोडे. आता हे वरचे छोटे, पुढे. शेवटी छातीचा." छातीच्या बकलला शिट्टी होती, ती मी वाजवून पाहिली. दोन गिऱ्हाइकं वळली.

मग मी चालले. आणि थांबले. हात मागे नेऊन सॅकचा तळ चाचपला, तांदूळ आत आहेत ना म्हणून. आठ किलो होते. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून पाहिलं, बोट सहज गेलं. चार मजले चढले, उतरले, पुन्हा चढले. करंगळी जागी होती.

अशा वेळी आनंद व्हायला हवा. मला आला राग. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, दोन गाड्यांच्या मधे, मी पाठीवर इंद्रायणी तांदूळ घेऊन उभी होते आणि डोळे भरून येत होते. अठरा वर्षं! किती गडांवर मी कांदे-लसूण वागवले. किती वेळा मुक्कामाचा बेत ठरल्यावर काहीतरी कारण काढून घरी राहिले, कारण टोप दुसऱ्याच्या गळ्यात पडेल याची लाज वाटायची. राग दादावर नव्हता, त्याने प्रेमाने दिली होती. त्या कंपनीवरही नाही, त्यांनी वीस इंचांच्या पाठीसाठी चांगली सॅक बनवली होती. माझ्यावरच होता बहुतेक. ब्लाउज झाला नाही तर ब्लाउज उसवायचा हे मी ज्या घरात शिकले, तिथेच सॅक झाली नाही तर पाठ बदलायला निघाले होते.

असो. सॅक घेतली. साडेसहा हजार. सर्वगुणसंपन्न मुळीच नाही. मला लाल हवी होती, धुक्यात लांबून दिसणारी, मिळाली शेवाळी, झुडपात ठेवली तर मलाच सापडत नाही. बाजूच्या खिशातली बाटली माझ्या हाताला पोचत नाही, प्रत्येक वेळी "जरा पाणी काढ गं" म्हणावं लागतं. रेनकव्हर फुकट आलं, पण सह्याद्रीतला आडवा पाऊस आणि त्या कव्हरचं काय जमणार? पाणी पाठीकडून उतरतं, तिथे कव्हर नसतंच. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून तिच्यात सगळं सामान भरायचं, हा जुना उपाय अजून पहिला आहे. आणि ती माळ्यावर जाणार नाही. कपाटाबाहेर खुंटीला, मोकळी, उघड्या तोंडाने टांगलेली असते. पाहुण्यांना विचित्र वाटतं.

जुनीचं आईने बघितलं. वरच्या टोपीचं अस्तर कसं कोण जाणे शाबूत होतं. तेवढी टोपी कापून, चेनसकट, तिने कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी केली. बकलं काढून डब्यात ठेवली. बाकीची कचऱ्याच्या गाडीत गेली तेव्हा मी बाल्कनीतून पाहिलं नाही.

फेब्रुवारीत रतनगड केला. रतनवाडीत अमृतेश्वराचं दर्शन घेऊन निघालो. सामान वाटताना मी टोप मागून घेतला, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिड्यांवर सॅक पाठीला धरून होती, कुठे ओढलं नाही. वर पोचेपर्यंत पाठ घामाने चिंब झाली होती, जाळीवाली आठवली एकदा. गुहेत रात्री खांदे तपासले. काही नव्हतं.

गणपतीला दादा आला. मोदकांच्या घाईत त्याने खुंटीवरची सॅक काढली. "हीच का ती? बघू." आई आतून म्हणाली, "रिकामी काय बघतोस, तांदूळ टाक." मी पाच किलोची पिशवी आत ठेवली, वर डाळ. दादाने झोकात पाठीवर घेतली, कंबरपट्टा लावायला गेला तर तो बरगड्यांशी. तसाच ओढून बकल लावलं, दोन खोल्या फिरला, परत आला, खांदे आक्रसलेले.

"अगं, ही कसली सॅक घेतलीस? खांदे कापतायत नुसते." त्याने बकल सोडलं आणि सॅक सोफ्यावर टाकली. "तुला झेपतं तरी कसं हे?"

उकडीची पारी वळता वळता आईने माझ्याकडे पाहिलं. मी सॅक उघडून तांदूळ काढले आणि डब्यात ओतायला आत गेले.